चार पेन्सिल सेल

आमच्या मोरव्यात (भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनच्या बसमध्ये बसलात की मुर्धा, राई आणि मग आमचं मोरवा) हळद हे लग्नापेक्षा मोठं प्रकरण असतं. लग्नाला एक वेळ नाही आलात तरी चालेल, पण हळदीला आला नाहीत तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. आणि आगऱ्यांची हळद म्हटली की बेंजो आलाच. हल्ली डीजे येतो ते सोडा, त्यावर लिहायला बसलो तर आजचा विषय राहून जाईल.

आजचा विषय आहे एक डबा. काळा, प्लास्टिकचा, माझ्या ऑफिसच्या टिफिनपेक्षा चपटा. झूम कंपनीचा जी-वन फोर. ह्याला इंग्रजीत मोठं नाव आहे, पण आपल्याकडे वाजवणारे सगळे सरसकट 'प्रोसेसर' म्हणतात. मी तो घेतला होता स्वतःसाठी. मी गिटार वाजवतो. म्हणजे गेली बारा वर्षं शिकतोय आणि अजून शेजाऱ्यांनी कौतुक केलेलं नाही, ह्यावरून काय ते समजा. गिटार वाईट वाजत असेल तर दोष आवाजाचा असणार, हातांचा कशाला असेल, असं प्रत्येक हौशी वादकाला वाटतं. तसं मलाही वाटलं आणि बांद्र्याच्या एका मुलाकडून मी हा डबा सेकंडहँड उचलला.

ज्यांना ह्या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटारचा किंवा कुठल्याही इलेक्ट्रिक वाद्याचा आवाज अ‍ॅम्पला जायच्या आधी मधे अडवून त्याला बदलायचं, हे जुनं वेड आहे. आवाज फाटका करणारी फझची पेटी 1962 साली बाजारात आली. प्रतिध्वनीसाठी रोलंडचं 1974 चं स्पेस एको नावाचं यंत्र होतं, त्यात खरोखरची टेप गोल गोल फिरायची आणि पुढच्या हेडवर रेकॉर्ड झालेलं मागच्या हेडवर पुन्हा वाजायचं. मग प्रत्येक गोष्टीसाठी एक एक वेगळी पेटी निघाली. एक फाटण्यासाठी, एक घुमण्यासाठी, एक थरथरण्यासाठी. ज्याच्याकडे पैसे, त्याच्या पायाशी दहा पेट्या. बाकीच्यांसाठी जपान्यांनी ह्या सगळ्या पेट्या एका डब्यात कोंबल्या. माझ्या डब्यात एका वेळी पाच इफेक्ट एकामागोमाग लावता येतात, आपली जुळवाजुळव पन्नास जागांमध्ये साठवून ठेवता येते, सूर जुळवायचा ट्यूनर आहे, आणि हे सगळं चार पेन्सिल सेलवर चालतं. दर्दी लोक ह्या डब्यांना नाकं मुरडतात. त्यांचं म्हणणं, खरा आवाज वेगवेगळ्या पेट्यांचाच. असेल बुवा. भाईंदर लोकलमध्ये संध्याकाळी सहाला दहा पेट्या घेऊन चढून दाखवा, मग बोलू.

तर हा डबा माझ्या गिटारसोबत चार महिने राहिला, आणि मग तात्यांच्या बेंजोला लागला.

तात्या म्हणजे माझे थोरले काका. वय एकाहत्तर. पस्तीसेक वर्षं बेंजो वाजवला. मोरव्यात, राईत, मुर्ध्यात, कधी डोंगरीला, कधी पार खाडीपलीकडे नायगावला. दिवसा मिठागरावर मुकादम आणि रात्री गळ्यात बेंजो. गाणी बसवायला त्यांना कागद लागत नसे. रेडिओवर दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा बोटात.

बेंजो म्हणजे परदेशातला तो गोल, चामड्याचा बँजो नव्हे, हे सांगायला हवं. रवी जाधवांचा 'बँजो' सिनेमा 2016 साली आला तेव्हा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला हाच प्रश्न विचारला होता. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. टाइपरायटरसारखी हे मी उपमा म्हणून लिहिलेलं नाही. नागोयाच्या गोरो मोरिता नावाच्या माणसाने 1912 साली हे वाद्य बनवलं ते टाइपरायटरवरूनच सुचून. तिकडे त्याला ताइशोगोतो म्हणतात, त्या वर्षी सुरू झालेल्या ताइशो राजवटीवरून. तिथून ते हिंदुस्थानात आलं, बुलबुल झालं, त्याला पिकअप लागला, वायर लागली आणि ते आमच्या वरातींत शिरलं. थोडक्यात आमच्या तात्यांचं वाद्यही जपानी आणि माझा डबाही जपानी. दोघांची भेट मोरव्यात व्हायची होती!

आता मुद्द्याची गोष्ट. ह्या वाद्याच्या आवाजाला आयुष्य नाही. तार छेडली की टण्ण होतं आणि लगेच विझतं. सतारीसारखा भोपळा नाही, व्हायोलिनसारखा गज नाही. मग गाण्यातला लांब सूर कसा धरायचा? तर उजव्या हाताने तीच तार भराभर छेडत राहायची, इतकी भराभर की ऐकणाऱ्याला ठोके वेगळे ऐकूच येऊ नयेत. बेंजोवाल्याची सगळी कमाई त्या उजव्या मनगटात असते. एका हळदीच्या व्हिडिओमध्ये तात्यांचा एक लांब सूर आहे. तो मी कॉम्प्युटरवर हळू करून मोजला. सेकंदाला आठ ठोके. आणि असे तीन-तीन तास.

2022 च्या पावसाळ्यात तात्यांना झटका आला. सौम्य होता, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. बोलणं महिन्याभरात सुधारलं, चालणंही. उजवा हात मात्र मागे राहिला. जेवता येतं, शर्टाची बटणं वेळ घेऊन लावता येतात, सही वेगळी येते म्हणून बँकेत एकदा वाद झाला तो वेगळाच. बेंजो एकदा काढला, पाच मिनिटं वाजवला आणि माळ्यावर ठेवायला सांगितला. घरात कोणी काही बोललं नाही. तात्या रबराचा चेंडू घेऊन दारात बसायचे आणि दाबत राहायचे, सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा. मोजून.

मग 2024 च्या मे महिन्यात तात्यांच्या नातीची हळद ठरली. पोरगी एकच गोष्ट मागत होती. आजोबांनी एक गाणं वाजवायचं, फक्त एक. तात्या 'बघू' म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

मी एके रात्री माळ्यावरून बेंजो काढला आणि सहज डब्याला लावला. आधी डब्यातले तयार आवाज लावून पाहिले. बहुतेक सगळे हेवी मेटलवाल्या पोरांसाठी केलेले. पहिलाच आवाज असा निघाला की वखारीत लाकूड कापतायत असं वाटून आई उठून आली. ते सगळे पुसून मी शून्यापासून सुरुवात केली.

आधी कॉम्प्रेसर. ह्याचं काम साधं आहे. मोठा आवाज दाबायचा आणि मग सगळंच उचलून धरायचं. त्यामुळे विझत चाललेला आवाज जरा जास्त वेळ टिकतो आणि कमकुवत ठोका व जोरदार ठोका ह्यांतलं अंतर कमी होतं. नंतर डिले, म्हणजे प्रतिध्वनी. इथे मला हिशोब सुचला (मी पेशाने अकाउंटंट आहे, मला हिशोबच सुचतात). तात्या आता सेकंदाला फार तर चार ठोके मारू शकत होते, म्हणजे दर 250 मिलिसेकंदांना एक. डिलेचा वेळ 125 वर ठेवला तर प्रत्येक ठोक्याचा प्रतिध्वनी बरोब्बर दोन ठोक्यांच्या मधे पडणार. चाराचे आठ! शेवटी थोडा रिव्हर्ब, हॉलमध्ये वाजवल्यासारखं वाटायला. मी स्वतः मुद्दाम सावकाश छेडून पाहिलं. लांब सूर धरला गेला. तात्यांसारखा नाही, पण धरला गेला.

आणि इथे मी एक गोष्ट केली जी मला आजही नीट सांगता येत नाही. मी तात्यांना हे सांगितलं नाही.

म्हणजे डबा लपवला नाही. डबा समोर होता. "यो कनचा डबा?" असं त्यांनी विचारलंही. मी म्हटलं, "काही नाही, घरघर येऊ नये म्हणून आहे." अगदीच खोटं नाही, त्यात नॉइज गेट आहेच. पण ठोके दुप्पट होतायत हे मी बोललो नाही. मला वाटलं, बोललो तर ते हात लावणार नाहीत.

त्यांनी नखी धरली. पहिल्यांदा ती बोटातून सुटली, दुसऱ्यांदा धरली. एक जुनी कोळीगीताची चाल घेतली, सावकाश. लांब सूर आला तिथे त्यांचे खांदे वर आले, नेहमी यायचे तसे. आणि सूर थांबला नाही. तात्यांनी उजव्या हाताकडे बघितलं. मग काकीकडे बघितलं. काकी स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेले हात तसेच धरून उभी होती. "चेंडूचा गुण आयला," ती म्हणाली. तात्या काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चेंडू दीडशे वेळा दाबला.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आनंदाने म्हणा की कशाने.

पुढचे तीन आठवडे मी ऑफिसातून आलो की रोज डबा लावायचो. एक गंमत बघितली. सुरुवातीला त्यांचे ठोके कमीजास्त पडायचे, त्यामुळे प्रतिध्वनी कधी मधे पडे, कधी ठोक्याला चिकटे आणि सगळा गोंधळ व्हायचा. हळूहळू तो गोंधळ कमी झाला. डब्याचा 125 चा हिशोब पक्का, त्याला कंटाळा नाही, आणि तात्या नकळत त्याच्या लयीला जाऊन मिळत होते. ढोलकीवाल्याबरोबर जमतं तसं. मी मनात म्हटलं, चला, सराव तर होतोय.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव. आधी धवलारीण बसली, तिने तिचे धवले म्हटले, त्यात कोणी लुडबूड करायची नसते. मग पॅडवाला, ढोलवाले, कीबोर्डवाला पोरगा जमले. सगळ्यांना घाई, कारण दहा वाजता लाउडस्पीकर बंद करावा लागतो आणि नंतर पोलीस येतात. मी तात्यांच्या बाजूला खाली बसलो. डबा पायाने चालवायचा असतो, पण तात्यांच्या पायाला मी ते काम सांगणार कसा? मी हाताने चालवणार होतो. अ‍ॅडॉप्टर मुद्दाम आणला नव्हता, नवे सेल घातले होते. तोरणाच्या लायटी, जनरेटर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावर असले की अ‍ॅडॉप्टरमधूनही घरघर आत शिरते.

तरी घरघर आलीच. लायटी पेटल्या तशी अ‍ॅम्पमधून हूं सुरू झाली. आपली वीज 50 हर्ट्झची, ती बेंजोच्या पिकअपमध्ये थेट हवेतून शिरते, सेल असोत की नसोत. त्यात माझा कॉम्प्रेसर. तो विझता सूर उचलतो तशी घरघरही उचलतो, त्याला दोन्ही सारखेच. कीबोर्डवाला माझ्याकडे बघून हातवारे करायला लागला. मी नॉइज गेट चढवला. गेट म्हणजे दरवाजाच. ठरवलेल्या पातळीपेक्षा लहान आवाज आला की दार बंद, मोठा आला की उघडं. घरघर गप्प झाली.

तात्यांनी सुरू केलं. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीत आवाज तुटायला लागला. एक सूर येतोय, एक गायब, अर्धा येतोय, मधेच शांतता. मला वाटलं वायर गेली. मग लक्षात आलं. तात्यांचा हात दमत होता, ठोके बारीक होत होते, आणि डबा त्या बारीक ठोक्यांना घरघर समजून दार लावत होता.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. मला ते बघवलं नाही. मी गेट पूर्ण काढून टाकला. हूं करून घरघर परत आली, मांडवभर, आणि त्या घरघरीत तात्यांचे सगळे ठोके आले. बारीक, जाडे, चुकलेले, सगळे. पॅडवाल्याने शहाणपणाने लय थोडी उतरवली. बायका उठल्या, नवरी उठली, पिवळीधमक. गाणं साधारण चार मिनिटं चाललं. घरघर कोणाला ऐकू आली असेल तर निदान मला कोणी बोललं नाही. त्या कीबोर्डवाल्या पोराला सोडून.

इथे ही पोस्ट संपवता आली असती. पण त्यानंतर एक झालं.

हळदीनंतर तात्या रोज संध्याकाळी वाजवायला लागले. मी डबा त्यांच्याकडेच ठेवला. जोडून ठेवायचो, चालू करून ठेवायचो, आणि ऑफिसला जायचो. गिटार माझी तशीही कोणाला ऐकायची नव्हती. जूनमध्ये, पाऊस नुकताच सुरू झालेला, गाड्या उशिरा, मी रात्री साडेनऊला गल्लीत शिरलो तर बेंजो ऐकू आला. वेगळा. कोरडा. टण्... टण्... टण्. मधे नुसती जागा. एवढ्या दिवसांत तो आवाज मी ऐकला नव्हता, आणि खरं सांगतो, माझ्या पोटात गोळा आला.

आत गेलो. ह्या डब्यांचं एक आहे, सेल संपले की ते मुके होतात, आवाज पुढे जाऊच देत नाहीत. तेव्हा सेल संपल्यावर नुसती शांतता व्हायला हवी होती. पण तात्यांनी डब्यातली वायर काढून सरळ अ‍ॅम्पमध्ये खुपसली होती. डबा बाजूला, व्यवस्थित रुमालावर ठेवलेला.

"आयलास? सेल संपलं," तात्या म्हणाले. "परवाच."

म्हणजे दोन दिवस ते असंच वाजवत होते. मी चप्पल काढायच्या नादात बराच वेळ घालवला. काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, "तात्या, ह्या डब्यात..."

"ठाव हाय," ते म्हणाले. "मी येक मारतंय, त्यो दोन मारतंय." आणि हसले. "पयल्याच दिवशी कललं. माज्या हाताला मी वलखीत नाय क?"

मी विचारलं नाही की मग बोलला का नाहीत. काकी आत भांडी लावत होती, तिला ऐकू जात होतंच. मी खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून चार सेल आणले, डबा उघडला, घातले, वायर पुन्हा जोडली. ट्यूनरवर तारा बघितल्या. दमट हवेने उतरल्या होत्या.

तात्यांनी दोन-तीन सूर छेडले आणि थांबले.

"त्यो मागून येतंय ना, त्याला जरा कमी कर. मना माजा हात आयकाला येत नाय."

डिलेचा मिक्स 40 वर होता. मी 25 केला. त्यांनी वाजवून पाहिलं.

"आजून."

15 केला.

"आजून थोरा."

8 वर आणला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि चाल पुन्हा पहिल्यापासून घेतली.